ट्रॉलीच्या पत्र्याले काय लावू का टिकन?

प्रश्न : भाऊ, ट्रॉलीचा खालचा पत्रा उन्हाळ्यात ग्राइंडरनं घासला न नुसता रेड ऑक्साइड मारला, पोळ्यापर्यंत पापुद्रे निघाले न आतून गंजच गंज. आता काय लावू? — एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : दादा, रेड ऑक्साइडवर रंगाचा थर नसला की ओल आत शिरतेच, त्यात युरियाच्या बॅगा नेत असाल तर सांडलेलं खत ओल धरून ठेवते न पत्रा अजून लवकर खाते. उघड्या लोखंडाले दोन डब्यांचा इपॉक्सी प्रायमर (रंगाच्या आधीचा थर) घ्या, दुसऱ्या डब्यातलं हार्डनर, म्हणजे प्रायमर कडक करणारं औषध, डब्यावर लिहिलं त्याच मापानं टाका, अंदाजानं बिलकुल नाही. पण खरं काम त्याच्या आधीचं आहे, वायर ब्रश मारा, मग ८० नंबरचा एमरी पेपर, पत्रा चांदीसारखा निघाला पाहिजे, मग थिनरच्या फडक्यानं पुसा न नंतर हात लावू नका, बोटाचं तेलही रंग धरू देत नाही. घासलं त्याच दिवशी प्रायमर. वेल्डिंगचे सांधे ब्रशनं प्रायमर लावून आधी भरा, माझ्या ट्रॉलीले गंज तिथूनच लागला होता. इपॉक्सीची उन्हानं भुकटी होते, म्हणून वरून पीयू (पॉलीयुरेथेन) रंग पाहिजेच. तो स्प्रेनं मारू नका, वाफारा छातीले वाईट, मोकळ्या हवेत ब्रशनंच लावा.