तेलविहिरीतील फायबर दीर्घकाळ खरे वाचन देत राहावा म्हणून

तेलविहिरीत तापमान मोजण्यासाठी ऑप्टिकल फायबर (प्रकाश वाहून नेणारा काचेचा बारीक तंतू) कायमचा सोडणार असाल, तर यंत्राच्या अचूकतेआधी फायबरच्या आवरणाची आणि गाभ्याची (ज्यातून प्रकाश जातो त्या मधल्या भागाची) चौकशी करा. साधे अ‍ॅक्रिलेट आवरण सुमारे ८५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकते. पॉलिइमाइड ३०० अंशांच्या आसपास चालते.

खरा चिवट शत्रू हायड्रोजन आहे. त्याचा रेणू इतका लहान असतो की तो काचेत सहज झिरपतो, जर्मेनियम मिसळलेल्या गाभ्यातील दोषांशी संयोग पावून हायड्रॉक्सिल गट तयार करतो आणि १४०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश कायमचा शोषला जाऊ लागतो. रामन पद्धतीत फायबरमधून विखुरून परतणाऱ्या दोन तरंगलांबींच्या प्रकाशांच्या (स्टोक्स व अँटी-स्टोक्स) तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमान काढतात; या दोहोंची घट मग सारखी राहत नाही, त्यामुळे दाखवलेले तापमान हळूहळू सरकते. आलेख मात्र गुळगुळीतच दिसतो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत धोक्याची वाटते.

म्हणून शुद्ध सिलिका गाभ्याचा फायबर घ्या. कार्बनचा थर हायड्रोजनला अडवतो, पण फार उष्ण विहिरीत केवळ त्याच्यावर विसंबू नका. जागा असेल तर फायबरची दोन्ही टोके वर आणून दुहेरी मापन करा, म्हणजे ही विषम घट गणितातून वजा करता येते. बसवल्या दिवशीची ओटीडीआर नोंद (फायबरच्या लांबीभर प्रकाश कुठे किती घटतो याचा आलेख) जपून ठेवा. पुढची प्रत्येक तुलना तिच्याशीच करायची आहे.