गोष्ट नको, खरं सांग!

परदेशात राहणाऱ्या एका आईनं विचारलंय: “सहा वर्षांची लेक गोष्टीची पुस्तकं बाजूला सारते आणि देवमासा किती मोठा असतो ते विचारत बसते. तिला मराठी वाचायला कसं लावू?”

ताई, तिला वाचनाची आवड नाही असं मुळीच समजू नका. तिला माहिती हवी आहे, पण तिला वाचता येतील अशी माहितीची पुस्तकं हाताशी नाहीत. हे दुखणं जुनं आहे. वाचनशिक्षणाच्या अभ्यासक नेल ड्यूक यांनी 2000 साली अमेरिकेतल्या पहिलीच्या 20 वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. तिथं माहितीपर मजकुराला दिवसाकाठी सरासरी 3.6 मिनिटं मिळत होती!

आधी जवळचं सार्वजनिक ग्रंथालय गाठा. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांच्या गोष्टींना बऱ्याचदा वेगळं कपाट असतं; तितकीच सोपी माहितीची पुस्तकं मात्र मोठ्या मुलांच्या जाडजूड पुस्तकांत दडून जातात. पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या ड्यूई पद्धतीची मांडणी असेल तर ग्रह-तारे 523, कीटक 595, सस्तन प्राणी 599. आकडा लेकीलाच शोधू द्या. ही पुस्तकं तिथल्या भाषेत असली तरी घ्या, चित्रांवर गप्पा मराठीत मारा.

मराठीसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ उघडा. 2015 पासून चालू असलेलं हे संकेतस्थळ मोफत आहे. पुस्तकांचे चार स्तर आहेत. पहिल्यापासून सुरुवात करा. हवा तो विषय मराठीत सापडला नाही तर दुसऱ्या भाषेतलं पुस्तक तुम्ही स्वतः मराठीत आणू शकता, तशी मुभा तिथल्या पुस्तकांच्या परवान्यातच आहे. परदेशातल्या आईबाबांनी हे जरूर करावं, असं मला अगदी मनापासून वाटतं. वाक्यं छोटी ठेवा: “मुंगीला सहा पाय असतात.” मग छापून तिच्या हातात द्या.

जोडाक्षरांचा बाऊ नको. ‘ज्वालामुखी’ तुम्ही वाचा, पुढचं ‘गरम’ तिला वाचू दे. पहिल्या पानापासून सुरुवात करायचा आग्रहही सोडा. चित्राखालचं ‘शेपूट’, ‘पंख’, ‘चोच’ एवढंच तिनं वाचलं, तरी ते वाचनच आहे. आणि देवमाशाचंच पुस्तक चौथ्यांदा मागितलं, तर चौथ्यांदा आणा.