इंडी रॉक कॉन्सर्टला जाण्याआधी बँडचा नवा अल्बम पाठ करून जावा, की कोरी पाटी घेऊन जावे?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिले आहे की तुमच्या आवडत्या बँडचा नवा अल्बम कॉन्सर्टच्या जेमतेम आठवडाभर आधी येणार आहे, त्याच सुमारास परीक्षा आहे आणि उत्सुकतेमुळे अभ्यासात लक्ष लागत नाही. मीही विद्यार्थी आहे आणि येत्या काही आठवड्यांतल्या कार्यक्रमांची तिकिटे माझ्याही हातात आहेत, त्यामुळे हे उत्तर तटस्थ माणसाचे नाही. (त्या कार्यक्रमांतल्या बँडची नावे मुद्दाम देत नाही, ती दिली की विषय हटकून ‘त्यांचा पहिला अल्बमच काय तो खरा’ या वादाकडे घसरतो.)

माझे मत असे की जुनी गाणी तोंडपाठ असावीत. नवा अल्बम मात्र एकदा, फार तर दोनदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग ऐकावा आणि मग कॉन्सर्ट होईपर्यंत बाजूला ठेवून द्यावा.

जुनी गाणी पाठ असण्याचा फायदा छोट्या सभागृहात विशेष कळतो. जिथे काही शेच माणसे उभी असतात, तिथे गायक एखाद्या कडव्याची शेवटची ओळ तोंडाशी आलेली असताना माइकपासून दोन पावले मागे सरकतो आणि ती ओळ समोरच्या गर्दीतून येते. तेवढ्या चार-पाच सेकंदांत तुम्ही श्रोते राहत नाही, गाण्याचा भाग होता. आर्क्टिक मंकीज या ब्रिटिश बँडने सुरुवातीच्या काळात आपल्या कार्यक्रमांत डेमो सीडी, म्हणजे अल्बमआधीची कच्ची ध्वनिमुद्रणे, फुकट वाटल्या, चाहत्यांनी त्यांतली गाणी इंटरनेटवर पसरवली, आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम येण्याच्या आधीच लोक ती गाणी बँडबरोबर शब्दन् शब्द म्हणत होते. त्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ब्रिटनमध्ये साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या.

मग नव्या गाण्यांच्या बाबतीत हात आखडता का घ्यायचा? कारण रंगमंचावर गाणे नव्याने ठरवले जाते. स्टुडिओत एकाच गाण्यावर गिटारचे पाच-सहा थर चढवता येतात, गायकाचाच आवाज दुहेरी करता येतो, कीबोर्डची बारीक नक्षी मागाहून भरता येते. रंगमंचावर मात्र चार माणसे आणि आठ हात असतात, आणि कोणता थर ठेवायचा, कोणता सोडायचा, हे त्यांना निवडावे लागते. ही निवड ऐकणे हा माझ्या दृष्टीने कॉन्सर्टचा खरा आनंद आहे. ध्वनिमुद्रित रूप पन्नास वेळा ऐकून गेलेला कान मात्र सगळा वेळ काय राहिले याची यादी करत बसतो. काही गाणी तर स्टुडिओत स्थिरावायलाच वर्षे घेतात. रेडिओहेड या ब्रिटिश बँडने ‘ट्रू लव्ह वेट्स’ हे गाणे १९९५ पासून कार्यक्रमांत वाजवले, पण त्याचे स्टुडिओतले रूप आले २०१६ मध्ये, तेही गिटारऐवजी पियानोवर. मधल्या काळात ज्यांनी ते प्रत्यक्ष ऐकले, त्यांनी काही अपुरे ऐकले असे मला वाटत नाही.

आदल्या कार्यक्रमांतल्या गाण्यांच्या याद्या इंटरनेटवर सहज मिळतात. त्या वाचू नका. अमेरिकेतला फुगाझी हा बँड तर अशी यादी ठरवतच नसे; पुढचे गाणे कोणते, हे ते वाजवता वाजवता ठरवत. अंदाज बांधण्याची हौसच असेल तर गिटारकडे पाहा. ज्या बँडमध्ये तारा निरनिराळ्या पद्धतींनी जुळवलेल्या असतात, तिथे दोन गाण्यांच्या मधे तंत्रसाहाय्यक दुसरी गिटार आणून देतो, आणि जाणकार चाहते तेवढ्यावरून गाणे ओळखतात. सॉनिक यूथ हे त्याचे टोकाचे उदाहरण: त्यांच्या कित्येक गिटारी ठरावीक गाण्यांसाठीच जुळवून ठेवलेल्या असत, आणि म्हणूनच १९९९ मध्ये दौऱ्यावर असताना त्यांची वाद्यसामग्री चोरीला गेली तेव्हा नव्या गिटारी विकत घेऊन भागण्यासारखे नव्हते.

तयारी करायचीच असेल तर ती मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडची करावी, असे मी आग्रहाने सांगेन. बहुतेक लोक हा वेळ दाराबाहेर गप्पा मारण्यात घालवतात. त्यामुळे तो बँड अर्ध्या रिकाम्या सभागृहासमोर, स्वतःच आपले ड्रम जुळवून, मिळालेल्या अर्ध्या तासात जीव तोडून वाजवत असतो. ऑगस्ट १९९१ मध्ये सॉनिक यूथच्या युरोप दौऱ्यात त्यांच्या आधी वाजवणारा बँड होता निर्व्हाना, आणि त्यांना जगप्रसिद्ध करणारा ‘नेव्हरमाइंड’ हा अल्बम यायला अजून महिना होता. प्रत्येक वेळी असे काही हाती लागेल असे नाही, पण मला नवे संगीत याच वाटेने सर्वांत जास्त मिळाले आहे, स्ट्रीमिंगच्या शिफारशींतून नव्हे. शिफारस तुमच्या आवडीच्या जवळचेच पुढे करते. आधी वाजवणारा बँड बहुधा मुख्य बँडच्या पसंतीने आलेला असतो, आणि ती पसंती तुमच्यापेक्षा वेगळी असू शकते. बँड आवडला तर कार्यक्रमानंतर त्यांच्या टेबलावरून थेट काहीतरी विकत घ्यावे, किंवा बँडकडून थेट संगीत विकत घेता येणाऱ्या बँडकॅम्प या संकेतस्थळावर अल्बम घ्यावा, जिथे डिजिटल विक्रीतला संकेतस्थळाचा वाटा साधारण १५ टक्के असतो. शेकडो वेळा ऐकूनही स्ट्रीमिंगमधून बँडच्या हाती फारसे काही पडत नाही.

आता परीक्षेचे. जुलै २०१५ पासून नवे अल्बम जगभर शुक्रवारी प्रकाशित होतात, म्हणजे ते बहुधा गुरुवारी मध्यरात्री ऐकायला मिळू लागतात, आणि शुक्रवारी सकाळी पेपर असेल तर ही वेळ अगदी वाईट. पहिले सलग श्रवण पेपर संपल्यानंतरच्या संध्याकाळसाठी राखून ठेवा. अल्बम कुठे जात नाही. अभ्यास करताना तो पार्श्वसंगीत म्हणून लावणे हा मात्र सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण त्यात अभ्यासही धड होत नाही आणि पहिल्यांदा ऐकण्याची गंमतही वाया जाते.

शेवटी कानांबद्दल, कारण तुम्ही अगदी पुढे उभे राहणार असल्याचे लिहिले आहे. श्रवणसुरक्षेच्या एका प्रचलित अमेरिकी निकषानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास राहणे ही मर्यादा मानली जाते आणि पुढच्या प्रत्येक ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. या हिशेबाने १०० डेसिबलला ती फक्त १५ मिनिटे उरते, आणि रॉक कॉन्सर्टमध्ये ही पातळी सहज गाठली जाते. कानात घालायचे साधे फोमचे बोळे उंच स्वर अधिक दाबतात, त्यामुळे झांजा आणि शब्द अस्पष्ट होतात. संगीतासाठी बनवलेले, सर्व स्वर जवळपास सारख्या प्रमाणात कमी करणारे इअरप्लग घ्या आणि ते आधी वाजवणाऱ्या बँडपासूनच लावा.