न शिजवता हमस: मोडाच्या चण्यांविषयी वाचकांचे प्रश्न

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन या पट्ट्यातला पारंपरिक हमस, म्हणजे चणे, ताहिनी (तिळाचं पातळ वाटण), लिंबू आणि लसूण एकत्र वाटून केलेला पदार्थ, शिजवलेल्या चण्यांचाच असतो. मोड आणलेल्या कच्च्या चण्यांचा हमस ही अलीकडची, अन्न न शिजवता खाणाऱ्या मंडळींची कृती आहे. तिच्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

सगळं प्रमाण आणि कृती नीट क्रमाने सांगाल का? इंटरनेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळं सापडतं. (नाशिक)

२०० ग्रॅम कोरडे काबुली चणे घ्या. आधी ताटात पसरून निवडा. फुटके, भोक पडलेले, सुरकुतून काळे पडलेले दाणे काढून टाका, कारण मोड येताना कुजतात ते हेच. तीन-चार पाण्यांनी धुऊन चण्यांच्या तिप्पट पाण्यात ८ ते १२ तास भिजवा. पातेलं मोठं घ्या, चणे फुगून वजनाने दुपटीच्या थोडे वर जातात. भिजवलेलं पाणी फेकून द्या, ते कणकेत किंवा वाटताना वापरू नका.

मग चणे धुऊन पूर्ण निथळा. ओलं पण पिळलेलं सुती फडकं चाळणीत पसरून त्यावर चणे दोन थरांपेक्षा जास्त जाड होणार नाहीत असे ठेवा, वरून फडक्याचाच पदर झाका. मटकीसारखी घट्ट पुरचुंडी बांधू नका. काबुली चणा मोठा आणि पिठूळ असतो, त्यामुळे पुरचुंडीच्या मध्यभागी गरम होऊन आंबतो. दर आठ तासांनी चणे धुऊन पुन्हा निथळत ठेवा. २५ ते ३० अंशांच्या हवेत २४ ते ३६ तासांत चोचीतून पांढरं टोक बाहेर येतं. ते ३ ते ५ मिलिमीटर झालं की थांबा. लांब मोड दिसायला छान, पण हमसला गवतासारखा उग्र वास आणि कडवटपणा देतात.

आता सालं काढायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळू नये असंही आहे. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन चणे दोन्ही तळव्यांत हलके चोळा, सालं वर तरंगतील, ती पाण्याबरोबर ओतून द्या. चार-पाच वेळा केलं की बहुतेक सालं निघतात. राहिलेल्या थोड्यांसाठी जीव काढू नका.

वाटण्यासाठी हे चणे (साधारण ४०० ग्रॅम), लिंबाचा रस ४ मोठे चमचे, लसणीच्या २ लहान पाकळ्या, मीठ १ लहान चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा लहान चमचा, ताहिनी ५ मोठे चमचे, बर्फाचं पाणी १०० ते १५० मिलिलिटर आणि वरून घालायला ऑलिव्ह तेल. ताहिनी आणि ऑलिव्ह तेल सोडून बाकीचं निम्मं निम्मं करून मिक्सरच्या मधल्या भांड्यात दोन घाण्यांत वाटा. आधी चणे, लिंबू, लसूण, मीठ आणि थोडं पाणी. २०-२० सेकंद फिरवायचं, थांबायचं, कडेचं खाली ओढायचं. चिमटीत घेतल्यावर रवा लागेनासा झाला की मगच ताहिनी. ती आधी घातली तर गोळा चिकट होतो, पात्याभोवती फिरत नाही आणि आतले कण तसेच राहतात. शेवटी उरलेलं पाणी एकेक चमचा घालत सैल करा, दिसायला हवा त्यापेक्षा जरा पातळच ठेवा. कच्च्या चण्याचं पीठ पाणी ओढत राहतं, अर्ध्या तासात हमस घट्ट होतोच.

लिंबू वाटतानाच घालायचं, नंतर नाही. कच्चं कडधान्य पाण्यात वाटलं की त्यातलं एक विकर (एन्झाइम) तेलावर काम करून 'कच्चट' वास तयार करतं. आंबट माध्यमात त्याचा जोर कमी होतो.

चण्यांना मोड येण्याआधीच वास येतो, हाताला बुळबुळीत लागतात. चणे खराब होते का? (कोल्हापूर)

क्वचित. बहुतेक वेळा भिजवण्यातच चूक झालेली असते. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर १२ तास भिजवलेले चणे पाण्यातच आंबायला लागतात, वर फेस दिसतो. उन्हाळ्यात सहा तासांनी पाणी बदला किंवा भिजवणं फ्रिजमध्ये करा आणि मोड आणायला बाहेर काढा. दुसरं कारण, नीट न निथळणं. चाळणीखाली साचलेलं पाणी फेकायला हवं, फडकं ओलसर हवं, टपटपतं नको. आणि फडकं दर खेपेला उकळून उन्हात वाळवा. स्वयंपाकघरात तेच फडकं ताक गाळायलाही वापरात असेल, तर वास कुठून येतो हे शोधायला लांब जायला नको.

बुळबुळीत आणि आंबट वासाचे चणे धुऊन वापरू नका, टाकून द्या. मोडाभोवती पांढरी लव दिसली तर मात्र घाबरू नका. ती मुळाभोवती सारखी असेल आणि धुतल्यावर अंगाला चिकटून दिसेनाशी होत असेल, तर ती मुळांचीच केसं आहेत. बुरशी जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर पसरते, करडी-हिरवट होते आणि तिला कुबट वास येतो.

निम्म्या चण्यांना मोडच येत नसतील तर चणे जुने आहेत. ते शिजवून छोले करा, मोडाचा नाद सोडा.

कितीही वाटला तरी हॉटेलसारखा मऊ होत नाही. महागडा ब्लेंडर घ्यावा का? (पुणे)

ब्लेंडरने थोडा फरक पडेल, पण हॉटेलसारखा होणार नाही. तो मऊपणा शिजण्यातून येतो. चण्यातलं पिष्ट (स्टार्च) साधारण ६५ ते ७५ अंशांना पाणी पिऊन फुगतं, त्याची खळ होते, आणि खळीवर ताहिनी घोटली की लोण्यासारखं लागतं. कच्च्या चण्यातले पिष्टाचे कण मोड आल्यावरही कोरडेच असतात. तुम्ही ते बारीक करू शकता, विरघळवू शकत नाही. म्हणून कच्चा हमस चांगला झाला तरी तो चटणीच्या जवळचा पदार्थ असतो. त्याची तुलना बैरुतच्या हमसशी न करता चैत्रातल्या आंबेडाळीशी करा, मग तो आवडू लागेल. भिजवलेली कच्ची हरभरा डाळ, कैरीचा आंबटपणा, वरून फोडणी: आपल्याकडे न शिजवलेला हरभरा हळदीकुंकवाला पिढ्यान् पिढ्या खाल्ला जातोच.

पोत त्यातल्या त्यात सुधारायचा तर सालं काढा, ताहिनी चमचाभर वाढवा आणि वाटलेला हमस रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्या. तरी खरखर खटकत असेल तर मोडाचे चणे १०-१५ मिनिटं वाफवा किंवा बोटाने चिरडतील इतके उकडा आणि गरम असतानाच वाटा. तो कच्चा हमस राहत नाही, पण आमच्या मते चवीला तोच उजवा.

माझा हमस कडू का होतो? लसूण एकच पाकळी घातली होती. (डोंबिवली)

तीन संशयित आहेत. पहिला तीळ. घरी ताहिनी करताना सालासकटचे तीळ घेतले की कडवटपणा येतो, कारण तो सालातच असतो. पॉलिशचे पांढरे तीळ घ्या. १५० ग्रॅम तीळ मंद आचेवर फक्त गरम होईपर्यंत परता (लाल होऊ देऊ नका), गार करा आणि २-३ चमचे तिळाचं किंवा बेचव तेल घालत, भांडं तापलं की थांबत, ओघळेल इतकं पातळ वाटा. संक्रांतीचं खमंग तिळकूट इथे चालत नाही, त्याची चव सगळ्यावर चढून बसते.

दुसरा ऑलिव्ह तेल. एक्स्ट्रा व्हर्जिन तेल वेगवान पात्याखाली घुसळलं की त्यातली कडू द्रव्यं पुढे येतात. ते वाटणात घालू नका, ताटलीत हमस पसरून खळगा करा आणि त्यात ओता. तिसरा म्हणजे लांब वाढलेले मोड.

जाता जाता, काटेकोरपणे कच्चंच खाणाऱ्यांसाठी: बाजारातली ताहिनी बहुधा भाजलेल्या तिळांची असते. ते लोक ४५-४८ अंशांची मर्यादा पाळतात, आणि सलग दोन मिनिटं चाललेला मिक्सर तेवढा सहज तापतो. म्हणूनही बर्फाचं पाणी.

खाल्ल्यावर पोट फुगतं. मोड आणल्यावर गॅस होत नाही असं वाचलं होतं. (सोलापूर)

कमी होतो, नाहीसा होत नाही. गॅस करणाऱ्या रॅफिनोज, स्टॅकिओज या शर्करा भिजवलेल्या पाण्यात काही उतरतात आणि मोड येताना रोप त्या वापरतं, त्यामुळे त्यांचं प्रमाण बरंच घटतं. पण प्रथिनांचं पचन अडवणारी ट्रिप्सिन-रोधक द्रव्यं दीड दिवसाच्या मोडाने थोडीच कमी होतात, त्यांना खरा उतारा उष्णतेचा. शिवाय कच्चं पिष्ट लहान आतड्यात पुरतं पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यात जाऊन आंबतं. वाडगाभर कच्चा हमस खाल्ला तर पोट बोलणारच. एका वेळी दोन मोठे चमचे, तेही काकडी-गाजराबरोबर, एवढं पुरे. वाटताना हिंगाची चिमूट आणि आल्याचा तुकडा घातला तर अरब देशातला कोणी रागावणार नाही, इथे पाहायलाही कोणी नाही.

मला सहावा महिना आहे. सासूबाई कच्चे मोड खाऊ देत नाहीत, मी म्हणते पौष्टिक आहे. कोण बरोबर? (ठाणे)

सासूबाई. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते. साल्मोनेला किंवा ई. कोलाय बियाण्यावर, त्याच्या भेगांत असेल तर दीड दिवसात त्याची प्रचंड वाढ होते आणि वरून धुऊन तो जात नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ आली, पन्नासहून अधिक माणसं दगावली आणि तपास मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचला. लिंबाच्या रसाने जंतू मरतात या भरवशावर राहू नका.

गरोदर स्त्रिया, पाच वर्षांखालची मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं घेणारे, यांनी कच्चे मोड टाळावेत. तुमच्यासाठी मोडाचे चणे नीट उकडून केलेला हमस उत्तम, प्रथिनं त्यात तेवढीच असतात. इतर निरोगी वाचकांनाही जोखीम कमी करायची असेल तर मोडाचे चणे उकळत्या पाण्यात २ मिनिटं बुडवून लगेच गार पाण्यात टाकावेत. कच्चट वासही त्याने उतरतो.

डब्यातल्या तयार चण्यांना मोड आणता येतील का? (एडिसन, न्यू जर्सी)

नाही. ते शिजवलेले आहेत, त्यांतला अंकुर मेलेला आहे. कोरडे चणे आणा. फुटाणे आणि चण्याची डाळ यांनाही मोड येत नाहीत.

याच पद्धतीने वाल किंवा राजम्याचा कच्चा हमस करता येईल? (रत्नागिरी)

अजिबात करू नका. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन चार-पाच दाण्यांनीही उलट्या-जुलाब लावू शकतं. मोड आणून ते जात नाही, भिजवून भरपूर पाण्यात खळखळून उकळावंच लागतं. कडव्या वालात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. आपण डाळिंब्या मोड आणून, सोलून, तरीही शिजवूनच बिरडं करतो, त्यात शहाणपण आहे. कच्च्यासाठी चण्याखेरीज मूग चालतील, पण मोडाच्या मुगाचा हमस पाणचट होतो. ताहिनी दीडपट घाला.

ओल्या हरभऱ्याचा होतो का? थंडीत आमच्याकडे घाटे भरपूर येतात. (जळगाव)

होतो, आणि न शिजवलेल्या प्रकारांत हाच सगळ्यात चवदार. भिजवणं, मोड, सालं यांतलं काहीच नको. कोवळे, गच्च हिरवे सोलाणे घ्या. पिवळट झालेले दाणे पिठूळ लागतात. २५० ग्रॅम सोललेल्या दाण्यांना ताहिनी ३ चमचे, लिंबू २ चमचे, एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर आणि ३-४ चमचे गार पाणी. घाट्यांवर आंबट खार असते आणि फवारणीही झालेली असू शकते, म्हणून सोलण्याआधी घाटे आणि सोलल्यावर दाणे, दोन्ही धुवा. हिरवा रंग दोन-तीन तासांत मळकट होतो, तेव्हा जेवायच्या वेळीच वाटा.

किती दिवस टिकतो? (बेळगाव)

मोडाच्या चण्यांचा कच्चा हमस फ्रिजमध्ये, काचेच्या कोरड्या बरणीत, वर तेलाचा पातळ थर देऊन दोन दिवस. फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका, उन्हाळ्यात एकच तास. शिजवलेला हमस तीन-चार दिवस राहतो. बरणी उघडल्यावर बुडबुडे दिसले किंवा झाकण फुगलं असेल तर चाखून पाहण्याच्या फंदात न पडता फेकून द्या. गोठवायचं असेल तर वाटलेला हमस गोठवू नका, तो फुटतो. मोडाचे चणे दोन मिनिटं उकळून, पुसून गोठवा आणि लागतील तसे वाटा.