समोरचा टॉवर आणि कानाशी फोन

प्रश्न : शिवाजी पेठेतील आमच्या घरासमोरच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभारला आहे. त्याच्या लहरींची भीती बाळगावी का, आणि फोर-जी फोन जुन्या टू-जीपेक्षा घातक असतो का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : टॉवरपेक्षा आधी कानाला लावलेल्या फोनचा विचार करावा, कारण अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते, शिवाय १ सप्टेंबर २०१२ पासून भारताने टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. फोनच्या लहरींतून शरीरात शोषल्या जाणाऱ्या शक्तीची मर्यादा, शरीराच्या कोणत्याही एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून, किलोग्रॅममागे १.६ वॅट आहे.

टू-जी फोन ९०० मेगाहर्ट्झवर कमाल २ वॅटने प्रक्षेपण करी, पण वेळेच्या दर आठ तुकड्यांपैकी एकाच तुकड्यात, म्हणजे सरासरी पाव वॅट. फोर-जीची कमाल साधारण ०.२ वॅट. नवा आकडा म्हणजे मोठा धोका, हा समज चुकीचा आहे.

खरा फरक रेंजचा पडतो. जाड दगडी भिंतींच्या माजघरात रेंजची एकच कांडी दिसत असेल, तर फोन पूर्ण जोर लावतो; तोच सोप्यात, खिडकीपाशी आणला की शक्ती आपोआप अनेक पटींनी उतरवतो. म्हणून टॉवर जवळ असणे फोनपुरते सोयीचेच, हे शेजाऱ्यांना पटवणे मात्र कठीण!

२०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरींना ‘कदाचित कर्ककारक’ म्हटले, ते पुरावा मर्यादित असल्यामुळे. लांबलचक बोलण्यासाठी वायरचा इअरफोन वापरावा.