ईएसपी३२ च्या प्रकल्पात गिटहबवरचा कोड वापरला, तर श्रेय कसं द्यायचं?

तुमचं हवामान केंद्र ईएसपी३२ ही वायफायवाली छोटी चिप आणि बीएमई२८० हा तापमान, आर्द्रता, दाब मोजणारा सेन्सर यांवर चालतं, बराचसा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरून घेतलेला आहे आणि पुढेमागे काही नग विकायचा विचार आहे. रीडमीमध्ये (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये) सगळ्यांचे आभार मानले तर पुरे का, असं तुम्ही विचारलंय.

आभार जरूर माना, पण त्याने लायसन्सची, म्हणजे कोड वापरायच्या परवान्याची, अट पुरी होत नाही. एमआयटी असो वा बीएसडी, या सैल लायसन्सची मागणी तशी किरकोळ असते: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर कोडसोबत राहू द्या. अ‍ॅडाफ्रूट कंपनीच्या बीएमई२८० लायब्ररीची फाइल उघडून बघा, वरच्या कॉमेंटमध्येच बीएसडीचा उल्लेख आहे. फाइल सुटसुटीत दिसावी म्हणून लोक नेमकं तेच आधी उडवतात! फाइलमध्ये बदल केलात तर जुन्या ओळींना हात न लावता खाली आपलं नाव आणि काय बदललं ते लिहा. अपाचे २.० या लायसन्समध्ये बदलाची नोंद करणं ही अटच आहे. एखादंच फंक्शन उचललं असेल, तर त्याच्या डोक्यावर मूळ दुवा, लेखक आणि लायसन्स.

विक्रीचं गणित वेगळं. चिपमध्ये फक्त बायनरी (कंपाइल केलेला कोड) जाते, म्हणून सुटलो असं वाटतं; पण बायनरी देणं हेही वितरणच. बीएसडीला तेव्हा कागदपत्रांत सूचना हवी असते. ईएसपी३२ स्वतःच वेबपेज दाखवतो, त्यातच एक लायसन्सचं पान टाका, किंवा खोक्यात कागद घाला. आर्डुइनोमध्ये कोड लिहिला असेल, तर त्याखालचा पाया, म्हणजे आर्डुइनोचा ईएसपी३२ कोअर, एलजीपीएल २.१ या जास्त कडक लायसन्सखाली आहे. ग्राहकाला तो भाग बदलून पुन्हा लिंक करता यावा (तुमच्या कोडला जोडून नवी बायनरी बनवता यावी), अशी सोय तुम्हाला द्यावी लागते. त्यासाठी ऑब्जेक्ट फाइल (आपल्या कोडचे कंपाइल केलेले तुकडे) वाटत बसण्यापेक्षा आपला कोड खुला करणं मला सोपं वाटतं. तुमचं मत वेगळं असेल तर आर्डुइनोऐवजी चिप बनवणाऱ्या कंपनीच्याच ईएसपी-आयडीएफ या साधनसंचाकडे वळा, तो मुख्यतः अपाचे २.० आहे.

खरी अडचण लायसन्सच नसलेल्या रेपोची (गिटहबवरच्या प्रकल्पाची). 'उघड्यावर आहे म्हणजे फुकट' हा समज आपल्याकडे फार. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत मोडतो आणि हक्क नोंदणीशिवायच लेखकाकडे असतो. गिटहबवर असा कोड पाहता येतो, फोर्क करता येतो (आपल्या खात्यात त्याची प्रत घेता येते). तुमच्या विक्रीच्या वस्तूत घालायची परवानगी त्यातून मिळत नाही. तिथे इश्यू (लेखकासाठी जाहीर प्रश्न) उघडा आणि लायसन्स टाकाल का, असं सरळ विचारा. बरेचदा लेखक विसरलेला असतो. उत्तर नाहीच आलं, तर सेन्सर बनवणाऱ्या बॉशच्या डेटाशीटवरून तो भाग स्वतः लिहा. सेन्सरमधल्या रजिस्टरचे पत्ते त्यात दिलेलेच आहेत.

उद्या बीएमई६८० हा बॉशचा गॅसही ओळखणारा सेन्सर घेतलात, तर त्याच्यासाठीची बॉशची बीएसईसी लायब्ररी बंदिस्त आहे, तिच्या अटी आधी वाचा. आणि बोर्डाचं डिझाइनही खुलं करणार असाल, तर त्यासाठी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेचं ओपन हार्डवेअर लायसन्स बघा, २०२० पासून त्याची दुसरी आवृत्ती आहे.