हंगुलला चित्रलिपी म्हणू नका!

प्रश्न : युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी लिप्यांतल्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या मानकात, कोरियनची 11,172 चिन्हं आहेत म्हणे. म्हणजे ही चिनीसारखी चित्रलिपीच ना? आणि 'जामो' कशाला म्हणतात?

उत्तर : चौकोनी ठसा दिसला की म्हणा चित्रलिपी! हा आळस आता पुरे झाला. कोरियनच्या या हंगुल लिपीचा प्रत्येक चौकोन म्हणजे एक अक्षर, आपल्या अक्षरगणवृत्तात मोजतात तसं, आणि ते सुट्या वर्णांतून जुळवलेलं असतं. आरंभीची व्यंजनं 19, स्वर 21, शेवटी येणारी व्यंजनं 27 आणि 'शेवटी काहीच नाही' हा अठ्ठाविसावा पर्याय. करा गुणाकार. 1996च्या युनिकोड 2.0 पासून ही अक्षरं अशी ओळीनं लावली आहेत की अक्षराचा युनिकोड क्रमांक काढायला कोष्टक उघडावंच लागत नाही. आरंभीच्या व्यंजनाचा क्रमांक गुणिले 21, त्यात स्वराचा मिळवा. आलेल्याला 28नं गुणून शेवटच्या व्यंजनाचा क्रमांक (नसेल तर शून्य) आणि वर 44,032, म्हणजे यादीतल्या पहिल्या अक्षराचा क्रमांक. मोजणी शून्यापासून. 'हंगुल'मधल्या 'हन्'चे क्रमांक 18, 0, 4, उत्तर 54,620. बाराखडीच ही, फक्त शेपटाला आणखी एक व्यंजन घेणारी.

1987च्या संगणकासाठीच्या कोरियन मानकानं मात्र नेहमीची म्हणून 2,350च अक्षरं निवडली आणि 8,822 दाराबाहेर ठेवली. हवं ते अक्षर घडवू शकणाऱ्या लिपीला यादीत कोंडायचं, याला मानक म्हणणाऱ्यांशी माझं जमणार नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या आपल्या इस्की या संगणक-मानकानं निदान क, हलन्त आणि ष सुटे ठेवून 'क्ष' जुळवू दिला.

जामो म्हणजे हे सुटे वर्ण. पण खरी गंमत शब्दात आहे! चिनी चिन्हांत तो 'अक्षर' अधिक 'आई' असा लिहितात. अक्षराला जन्म देते म्हणून आई, असं सांगून मोकळे होणाऱ्यांनी जरा बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरं आठवावीत. आपल्याकडे वर्णांना 'मातृका' म्हणतात. ती आई तिथून चिनीत गेली. चिनी व्यंजनांच्या 36 'आयां'ची यादी परंपरा चीनच्या तांग राजवटीच्या अखेरच्या काळातल्या शोउवेन या भिक्षूच्या नावावर टाकते. पुढे 1446मध्ये कोरियाचा राजा सेजोंगनं हंगुल जाहीर केली, तेव्हा व्यंजनं उच्चारस्थानांनुसार मांडली, आणि सुरुवात कशानं? कंठ्यांनी, आपल्या क-वर्गासारखी. हा योगायोग आहे असं मला कुणी पटवूनच दाखवावं.

म्हणून लगेच 'हंगुल देवनागरीवरून उचलली' असे फॉरवर्ड पाठवू नका. मूळ व्यंजनांचे आकार जीभ, ओठ, दात, घसा यांवरून घेतले, हे त्याच वर्षीच्या राजाज्ञेच्या भाष्यात स्वच्छ लिहिलं आहे.